पत्रिकेतला एकटा ग्रह कसा वाचावा

पत्रिका वाचायला शिकताना लक्ष आधी गर्दीकडे जातं. एका स्थानात तीन-चार ग्रह दिसले की त्यांचे योग जुळवण्यातच वेळ जातो आणि कोपऱ्यात एकटा बसलेला ग्रह मागे राहतो. त्याच्यासोबत कुणी नाही, त्याच्यावर कुणाची दृष्टी नाही. अशा ग्रहाबद्दल दोनच वाक्यं सारखी कानावर पडतात: "हा ग्रह वाया गेला" नाहीतर "सगळी पत्रिका याच्यावरच उभी आहे". दोन्ही घाईची आहेत. एकटा ग्रह समोर आला की त्याच्या फळाकडे वळण्याआधी मी एकच गोष्ट शोधायला सांगेन: हा खरोखर एकटा आहे का, आणि असेल तर बाकीच्या पत्रिकेशी त्याचं येणं-जाणं कोणत्या वाटेने चालतं? ही वाट बहुतेक वेळा सापडते. ती सापडली की फलादेशाचा अर्धा भाग आपोआप उलगडतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच कल्पित पत्रिकेवर करून बघू. कागदावर मांडून घ्या.

मिथुन लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास मिथुन; तेच पहिलं स्थान. गुरु कर्केत ११ अंश, सोबत केतू २१ अंश. बुध सिंहेत १४ अंश. रवी कन्येत १ अंश, शुक्र कन्येत १८ अंश. मंगळ तुळेत २५ अंश. राहू मकरेत २१ अंश. शनी मीनेत ३ अंश, चंद्र मीनेत १० अंश. हे सगळे निरयन अंश आहेत, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजलेले.

मांडताना एक लक्षात असू द्या. चौकोनी पत्रिकेत घरात लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नसतो. इथे लग्नात ३ येईल, कारण मिथुन ही तिसरी रास. नवशिक्यांचं निम्मं मोजणं इथेच चुकतं आणि मग नसलेली दृष्टी दिसायला लागते.

एकटा म्हणजे कोणत्या अर्थाने?

या शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ फार होते.

पहिली, ग्रहाची कुणाशी युती (एकत्र असणं) नाही आणि त्याच्यावर कुणाची दृष्टी नाही. या लेखाचा मुख्य विषय हाच.

दुसरी फक्त चंद्राची. चंद्राच्या मागच्या आणि पुढच्या राशीत कुणी ग्रह नसेल तर केमद्रुम योग होतो. त्याचे नियम वेगळे आहेत, त्याच्याकडे स्वतंत्रपणे येऊ.

तिसरी जागेची. बाकी सगळे ग्रह पत्रिकेच्या एका अर्ध्या भागात आणि एकच समोरच्या अर्ध्यात. अमेरिकन ज्योतिषी मार्क एडमंड जोन्स यांनी १९४१ साली ग्रहांच्या मांडणीचे सात आकार सांगितले, त्यात हा बादलीचा आकार म्हणून ओळखला जातो आणि एकटा पडलेला ग्रह त्या बादलीची कडी धरला जातो. असा ग्रह जागेने एकटा असला तरी समोरच्या एखाद्या ग्रहाशी त्याचा प्रतियोग (समोरासमोरचा योग) असू शकतो, म्हणजे पहिल्या अर्थाने तो एकटा नसतो. म्हणून वहीत "एकटा" एवढंच लिहू नका, कोणत्या अर्थाने ते लिहा.

पहिली पायरी: राशीने तपासा

पाराशरी पद्धतीत प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या राशीला पाहतो. मंगळाला चौथी आणि आठवी, गुरुला पाचवी आणि नववी, शनीला तिसरी आणि दहावी या जादा दृष्टी आहेत. ग्रह ज्या राशीत आहे ती एक धरून मोजायचं.

आता प्रत्येक ग्रहापासून मोजत बसलं तर गोंधळ होतो. त्यापेक्षा उलट करा. ज्या ग्रहाबद्दल शंका आहे त्याच्यापासूनच मोजा आणि एवढीच घरं तपासा: त्याची स्वतःची रास रिकामी आहे का, सातवी रिकामी आहे का, पाचव्या किंवा नवव्या राशीत गुरु आहे का, चौथ्या किंवा अकराव्या राशीत शनी आहे का, सहाव्या किंवा दहाव्या राशीत मंगळ आहे का. पाचही प्रश्नांत कुणी सापडलं नाही तर ग्रह राशीने एकटा.

आपला बुध घ्या. सिंहेत दुसरं कुणी नाही. सातवी कुंभ, रिकामी. पाचवी धनू आणि नववी मेष, तिथे गुरु नाही. चौथी वृश्चिक आणि अकरावी मिथुन, तिथे शनी नाही. सहावी मकर आणि दहावी वृषभ, तिथे मंगळ नाही. मकरेत राहू आहे, पण प्रश्न मंगळाचा होता. बुध राशीने एकटा ठरला.

राहू-केतूंच्या दृष्टीबद्दल परंपरेत एकमत नाही. काही जण त्यांना गुरुसारखी पाचवी-नववी देतात, काही मानत नाहीत. शिकण्याच्या टप्प्यावर त्यांची फक्त युती धरावी. दृष्टी धरायची असेल तर सगळ्याच पत्रिकांत धरा, सोयीनुसार नको. हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो यांचे शोध अनुक्रमे १७८१, १८४६ आणि १९३० चे, त्यामुळे जुन्या नियमांत ते येतच नाहीत. हर्षल एका राशीत सुमारे सात वर्षं राहतो, नेपच्यून सुमारे चौदा. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या पत्रिकेत ते जवळपास त्याच राशीत असतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळी ओळ ठेवा.

दुसरी पायरी: अंशांनी तपासा

राशीने एकटा दिसणारा ग्रह अंशांनी एकटा असेलच असं नाही. एक ग्रह राशीच्या २९ अंशांवर आणि दुसरा पुढच्या राशीत १ अंशावर असेल तर राशीने युती नाही, पण दोघांत अंतर दोनच अंशांचं आहे. अशा जोडीला एकटं म्हणणं डोळ्यांवर कातडं ओढण्यासारखं आहे.

अंशात्मक तपासणीत पाच अंतरं बघतात: युती ०, लाभयोग ६०, केंद्रयोग ९०, त्रिकोण अथवा नवपंचम १२०, प्रतियोग १८०. किती अंशांची सूट द्यायची यावर मतं अनेक आहेत. ताजिक पद्धतीत प्रत्येक ग्रहाला स्वतःचे दीप्तांश दिलेले आहेत: रवी १५, चंद्र १२, मंगळ ८, बुध ७, गुरु ९, शुक्र ७, शनी ९. दोन ग्रहांच्या दीप्तांशांची बेरीज करून निम्मी केली की त्या जोडीची मर्यादा मिळते. पाश्चात्त्य पद्धतीने काम करणारे साधारण सहा ते आठ अंश धरतात आणि लाभयोगाला त्याहून कमी. कोणतीही एक पद्धत निवडा आणि ती बदलू नका. सूट वाढवत नेली तर कुठलाच ग्रह एकटा उरत नाही, कमी करत नेली तर सगळेच एकटे पडतात.

बुध आणि रवी यांच्यात १७ अंशांचं अंतर आहे. ताजिक हिशेबाने मर्यादा अकरा, म्हणजे युती नाही. सतरा अंशांवर बुध अस्तंगतही (रवीच्या तेजात झाकलेलाही) नाही, कारण त्याची नेहमीची मर्यादा १४ अंशांची. शुक्र ३४ अंशांवर, गुरु ३३ अंशांवर, मंगळ ७१, चंद्र १५४, शनी १६१. यातलं एकही अंतर पाच योगांपैकी कशाच्या मर्यादेत बसत नाही. मंगळ लाभयोगाच्या जवळ आहे खरा, पण अकरा अंश दूर. बुध अंशांनीही एकटा.

राशीचक्र वसंतसंपातापासून मोजायचं की स्थिर ताऱ्यांवरून, या सायन-निरयन वादाची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक दिलासा. दोन ग्रहांमधलं अंतर दोन्ही पद्धतींत तेच राहतं, कारण अयनांश, म्हणजे दोन्ही पद्धतींच्या आरंभबिंदूंमधलं अंतर, सगळ्यांतून सारखाच वजा होतो. सध्या तो सुमारे २४ अंशांचा आहे. बदलतात त्या राशी, आणि राशींबरोबर राशीने धरलेल्या दृष्टी. म्हणून अंशात्मक निकाल जास्त टिकाऊ आणि राशीचा निकाल पद्धतीवर अवलंबून.

आणखी एक जाता जाता. बुध रवीपासून २८ अंशांच्या पलीकडे जात नाही आणि शुक्र सुमारे ४७ अंशांच्या. त्यामुळे बुधाचा रवीशी युतीखेरीज यातला दुसरा योग होऊच शकत नाही, आणि बुधावर रवीची किंवा शुक्राची सातवी दृष्टी कधीच येत नाही. सोबत मिळण्याच्या शक्यताच कमी असल्याने बुध आणि शुक्र एकटे सापडणं हे एकटा शनी सापडण्यापेक्षा सोपं आहे. पत्रिकेत एकटा बुध दिसला म्हणून लगेच काही असाधारण हाती लागलं असं समजू नका.

तिसरी पायरी: मागची वाट शोधा

हीच पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळं मर्म इथे आहे. युती आणि दृष्टी ही ग्रहांच्या नात्याची उघड रूपं. त्याशिवाय आणखी चार नाती आहेत.

राशीस्वामी. ग्रह ज्या राशीत आहे तिचा मालक हा त्याचा यजमान. पाहुण्याची बडदास्त यजमानाच्या परिस्थितीवर ठरते. आपला बुध सिंहेत, म्हणजे यजमान रवी. तो चौथ्या स्थानात कन्येत आहे आणि मीनेतल्या शनीची त्याच्यावर अगदी समोरून दृष्टी आहे, १ अंश आणि ३ अंश. शनी बुधाला पाहत नाही, पण ज्याच्या घरी बुध उतरला आहे त्या रवीवर शनीचा ताण पूर्ण आहे. हा ताण उशिराने, आडवळणाने बुधापर्यंत येणार. "बुधावर शनीची दृष्टी नाही, वाणी मोकळी असेल" असं सांगून टाकणारा इथेच फसतो.

परिवर्तन. दोन ग्रह एकमेकांच्या राशीत असतील तर परिवर्तन योग, काही जण याला अन्योन्य योगही म्हणतात. बुध रवीच्या सिंहेत आणि रवी बुधाच्या कन्येत! युती नाही, दृष्टी नाही, तरी तृतीयेश आणि चतुर्थेश (तिसऱ्या आणि चौथ्या स्थानाचे स्वामी) यांची घरांची अदलाबदल झाली आहे. हे नातं युतीइतकंच वजनदार मानलं जातं. म्हणजे ज्या बुधाला आपण दोन तपासण्यांत एकटा ठरवलं त्याचं एक दार रवीच्या घरात उघडतं.

नक्षत्रस्वामी. सिंहेच्या १३ अंश २० कलांपासून २६ अंश ४० कलांपर्यंत पूर्वा फाल्गुनी, स्वामी शुक्र. बुध १४ अंशांवर, म्हणून तो शुक्राच्या नक्षत्रात. शुक्र कुठे? कन्येत, चौथ्या स्थानात, रवीशेजारी. पुन्हा तेच घर. एकट्या ग्रहाच्या दोन निरनिराळ्या वाटा एकाच स्थानात जाऊन मिळाल्या तर ते स्थान लाल शाईने अधोरेखित करा.

शेजार. ग्रहाच्या मागच्या-पुढच्या राशीत कोण आहे ते बघा. दोन्ही बाजूंना शुभ ग्रह असतील तर शुभकर्तरी, पाप ग्रह असतील तर पापकर्तरी. आपल्या बुधाच्या मागे गुरु आणि केतू, पुढे रवी आणि शुक्र, म्हणजे मिश्र शेजार. यावर फार वेळ घालवू नका.

चारही नाती बघून काहीच हाती लागलं नाही, राशीस्वामीसुद्धा स्वतःच (म्हणजे ग्रह स्वगृही) आणि नक्षत्रस्वामीही स्वतःच निघाला, तर तो खराखुरा एकटा. असे ग्रह थोडे सापडतात.

चौथी पायरी: बळ बघा

एकटेपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, आणि बळही नव्हे. सोबत नसलेला ग्रह आपल्या स्वतःच्या स्थितीवर पूर्ण अवलंबून असतो, म्हणून त्याची स्थिती इतरांपेक्षा काटेकोर बघायची. उच्च (सर्वांत बलवान राशीत), स्वगृही, मित्रराशीत की नीच (सर्वांत दुबळ्या राशीत)? वक्री (मागे जाताना दिसणारा) की मार्गी? अस्तंगत आहे का? केंद्र-त्रिकोणात (१, ४, ७, १० आणि ५, ९) की ६, ८, १२ या त्रिक स्थानांत? कोणत्या स्थानांचा स्वामी?

गर्दीतल्या नीच ग्रहाला गुरुची एखादी दृष्टी सावरून धरते. एकट्या नीच ग्रहाला तो आधार नाही. उलट एकट्या उच्च ग्रहाला बिघडवणाराही कुणी नाही. एकटेपणाने ग्रहाचा मूळ गुण, चांगला असो वा वाईट, भेसळीविना समोर येतो. माझ्या दृष्टीने एकट्या ग्रहाचा मूळ नियम हाच.

आपला बुध सिंहेत, मित्र रवीच्या राशीत. सिंहेच्या १३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंतचा नवमांश (राशीचा नववा भाग) सिंहेचाच, म्हणून बुध वर्गोत्तम, म्हणजे रास आणि नवमांश एकच. शिवाय तो लग्नेश आणि चतुर्थेश. स्थान तिसरं, पराक्रमाचं, आणि लेखन, हात, भावंडं, जवळचे प्रवास हे त्या स्थानाचे विषय बुधाच्या स्वभावाला जवळचे. एकूण ग्रह सशक्त. सोबत नाही, पण स्वतःच्या पायावर उभा आहे.

पाचवी पायरी: आता अर्थ लावा

एकट्या ग्रहाची परंपरेत आणि आधुनिक वाचनात सांगितलेली लक्षणं साधारण अशी. तो ग्रह ज्याचा कारक (सूचक), ती गोष्ट माणसाच्या आयुष्यात इतर बाबींशी सहज मिसळत नाही. ती एकतर पूर्ण चालू असते किंवा पूर्ण बंद. माणसाला स्वतःलाही तिचा अंदाज येत नाही, इतरांना मात्र ती ठळक दिसते.

एकटा बुध: विचार स्वतःचे, शिकण्याची रीत स्वतःची. दुसऱ्याला विचारून पक्कं करण्याची सवय नाही. बोलायला लागला की थांबत नाही आणि गप्प बसला की दिवसभर गप्प. आपल्या पत्रिकेत हा बुध लग्नेश आहे, म्हणून हे लक्षण एखाद्या कप्प्यापुरतं न राहता माणसाच्या एकूण स्वभावाचा रंग होणार. आणि त्याचं दार चौथ्या स्थानात उघडतं: घर, आई, शालेय शिक्षण. घरात, ओळखीच्या भिंतींत याची बुद्धी मोकळी वाहील, परक्या ठिकाणी आखडेल, असं वाचन मी करीन. रवीवरचा शनी बघता, घरातल्या वडीलधाऱ्याच्या कडक शिस्तीतून ही बुद्धी घडली असण्याची शक्यताही लिहून ठेवीन, आणि जातकाला (ज्याची पत्रिका आहे त्याला) विचारीन.

एकटा शनी समजायला अवघड. शिस्त, मर्यादा, जबाबदारी या गोष्टी बाकीच्या स्वभावापासून सुट्या पडतात. असा माणूस काही काळ स्वतःला चाबूक मारल्यासारखा राबतो आणि मग कुठलाही नियम नको म्हणून सगळं सोडून देतो. "किती पुरे" हे सांगणारा आतला आवाज एकसारखा नसतो. शनी बलवान असेल तर यातूनच कुणाच्या देखरेखीविना वर्षानुवर्षं एक काम करणारी माणसं तयार होतात. दुबळा असेल तर जबाबदारीची भीती आयुष्यभर पाठ सोडत नाही. म्हणून एकट्या शनीचं स्थान आणि रास बघितल्याशिवाय एक शब्दही बोलू नये.

एकट्या मंगळात राग आणि धडाडी अचानक येते आणि अचानक ओसरते. दिशा दिली तर तोच मंगळ उत्तम काम करतो. एकट्या गुरुत श्रद्धा आणि मतं ठाम असतात, कुणाकडून उसनी घेतलेली नसतात. एकटा शुक्र आवडीनिवडीत हट्टी, नात्यांत सुरुवातीला बुजरा. एकटा रवी दुर्मीळ, कारण बुध कायम त्याच्या आसपास फिरतो. सापडलाच तर स्वतःची ओळख इतरांच्या प्रतिसादाशिवाय घडवावी लागलेला माणूस समजा.

चंद्राचं स्वतंत्र: केमद्रुम

चंद्रापासून दुसऱ्या राशीत रवीखेरीज ग्रह असेल तर सुनफा, बाराव्यात असेल तर अनफा, दोन्हीकडे असतील तर दुरुधरा, आणि कुठेच नसेल तर केमद्रुम. राहू-केतू यात धरत नाहीत. जुन्या ग्रंथांत केमद्रुमाची फळं फार कठोर शब्दांत दिली आहेत: दारिद्र्य, दुःख, वणवण. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत हा शब्द छापून आला की घरातली माणसं हादरतात. मला या एका शब्दाने घाबरलेल्या लोकांबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण योग मोडण्याचे नियम त्यांना कुणी सांगितलेलेच नसतात.

आपल्या पत्रिकेत चंद्र मीनेत. पुढची मेष रिकामी, मागची कुंभ रिकामी. यांत्रिक नियमाने केमद्रुम झाला! आता भंग बघा. चंद्रासोबत कुणी ग्रह असेल तर योग मोडतो: शनी सोबत आहे. चंद्रापासून केंद्रात ग्रह असतील तर मोडतो: सातव्यात रवी आणि शुक्र आहेत. चंद्रावर गुरुची दृष्टी असेल तर मोडतो: कर्केतल्या उच्चीच्या गुरुची नववी दृष्टी थेट मीनेवर आहे आणि अंशांनीही १२१, जवळपास अचूक नवपंचम. चंद्र स्वतः लग्नापासून केंद्रात, दहाव्या स्थानात. इतके भंग असताना केमद्रुमाचा उच्चारसुद्धा करायचं कारण नाही. उरतो तो चंद्र-शनी योगाचा अर्थ, आणि तो वेगळा विषय.

खरा केमद्रुम, कुठलाही भंग नसलेला, सापडला तर मनाला सोबतीची सवय उशिरा लागते, भावना आतल्या आत राहतात, एवढ्या अंगाने वाचावा. दारिद्र्याचं भाकीत धनस्थान, लाभस्थान आणि त्यांचे स्वामी न बघता करणं हे शास्त्राला धरून नाही.

सहावी पायरी: काळ लावा

एकटा ग्रह कधी बोलतो? मुख्यतः आपल्या दशेत (त्याला नेमून दिलेल्या आयुष्याच्या काळात) आणि गोचरीचा, म्हणजे आकाशात त्या वेळी फिरणारा, मोठा ग्रह त्याच्या अंगावरून जाताना. एरवी शांत असलेला ग्रह या काळात एकदम पुढे येतो आणि माणसाला वाटतं आपण बदललो.

विंशोत्तरी या दशापद्धतीच्या १२० वर्षांत बुधाची महादशा १७ वर्षांची. आपल्या पत्रिकेत चंद्र मीनेत १० अंशांवर, उत्तरा भाद्रपदा नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. त्याचा स्वामी शनी, महादशा १९ वर्षांची, म्हणून जन्मवेळी शनीची साडेनऊ वर्षं शिल्लक. त्यानंतर बुध: वय साडेनऊ ते साडेसव्वीस. शाळा, कॉलेज आणि पहिली नोकरी असा सगळा काळ एकट्या बुधाच्या हाती.

आता गोचर जोडा. शनी राशीचक्र सुमारे साडेएकोणतीस वर्षांत पुरं करतो, गुरु सुमारे बारा वर्षांत. जन्मवेळच्या स्थितीवरून पुढे मोजलं तर वयाच्या साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास गुरु आणि शनी दोघेही सिंहेत, म्हणजे या बुधाच्या राशीत असतील. जन्मभर सोबत नसलेल्या ग्रहाला एकाच वेळी दोन जड ग्रहांची युती, आणि तीही त्याच्याच महादशेत. त्या दोन-तीन वर्षांत शिक्षण, भाषा, लिहिणं, घर बदलणं किंवा भावंडांशी नातं यांपैकी कशात तरी मोठी उलथापालथ झाली का, हे जातकाला विचारायचंच.

आणखी एक सोबत बाहेरून मिळते. जोडीदाराच्या, भावंडाच्या किंवा गुरूच्या पत्रिकेतला एखादा ग्रह आपल्या एकट्या ग्रहाच्या अंशांवर आला तर त्या माणसाच्या सहवासात तो ग्रह खुलतो, नाहीतर चिडतो. दोन पत्रिका शेजारी ठेवून बघताना आधी एकट्या ग्रहापासून सुरुवात करा.

जातकाशी बोलताना

निष्कर्ष सांगण्याआधी प्रश्न विचारा. "तुमचा बुध एकटा आहे, तुम्हाला मित्र नसतील" असं म्हणू नका. एकटा ग्रह म्हणजे एकटा माणूस नव्हे. त्याऐवजी विचारा: "तुम्ही शिकता कसे? कुणाला विचारून की स्वतः खटपट करून? बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान घरात किंवा शाळेत काही मोठं घडलं?" उत्तर वाचनाशी जुळलं नाही तर जातकाला वळवू नका, वाचन तपासा. ज्योतिषाची भाकितं विज्ञानाच्या कसोटीवर सिद्ध झालेली नाहीत, ही परंपरेने आलेली वाचनाची पद्धत आहे. आजार, पैसा किंवा लग्न मोडण्याचा निर्णय एका एकट्या ग्रहावर कुणी सोपवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. एकट्या ग्रहासाठी महागडी शांती किंवा खडा सुचवायची घाईही नको. आधी त्याचा राशीस्वामी कोणत्या स्थितीत आहे ते बघा, कारण दुबळेपणा असलाच तर पुष्कळदा तो तिथे असतो.

जन्मवेळेबद्दल शेवटचं. ग्रह एकटा आहे की नाही हे लग्नावर ठरत नाही, लग्न फक्त त्याचं स्थान ठरवतं. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे झाली तरी मंगळ, गुरु, शनी जागचे हलत नाहीत. हलतो तो चंद्र, तासाला सुमारे अर्धा अंश, दिवसाला तेराच्या आसपास. आपल्या पत्रिकेतलं हेच मूल आदल्या दिवशी त्याच वेळी जन्मलं असतं तर चंद्र कुंभेच्या शेवटी असता आणि सिंहेतल्या बुधावर त्याची सातवी दृष्टी पडली असती. राशीने बुध एकटा राहिला नसता. म्हणून जन्मवेळ अंदाजे असेल आणि चंद्र राशीच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या अंशांत असेल, तर आधी चंद्र एक रास मागे आणि एक रास पुढे ठेवून पहिली पायरी पुन्हा करा. निकाल बदलला तर जन्मवेळेची खात्री होईपर्यंत त्या ग्रहासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ठेवा आणि फळ सांगू नका.